‘रेड लाइट्स’ (२०१२): पकडणाऱ्यांची गोष्ट, आणि तो शेवट (सगळे स्पॉयलर आत आहेत)

खाडीपलीकडचा

सिनेमा जुना आहे. दिग्दर्शक रॉड्रिगो कोर्तेस. त्याचा आधीचा ‘बरीड’ इथल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल, शवपेटीत अडकलेल्या माणसाचा. ‘रेड लाइट्स’ला समीक्षकांनी तेव्हा धू धू धुतलं होतं. शेवटच्या वीस मिनिटांसाठी धुतलं असेल तर माझी तक्रार नाही. पण पहिला तासभर जे दाखवलंय ते थ्रिलरमध्ये सहसा कुणी दाखवत नाही, आणि धागा त्यासाठीच काढतोय. पुढे सगळं फोडलेलं आहे, बघायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

मार्गारेट मॅथेसन (सिगर्नी वीव्हर) विद्यापीठात शिकवणारी मानसशास्त्रज्ञ आणि टॉम बकली (किलियन मर्फी) हा तिचा सहकारी, भौतिकशास्त्रवाला. झपाटलेलं घर, टेबल हवेत उचलणारं ‘माध्यम’ (मेलेल्यांशी बोलतो म्हणणारा माणूस), हात लावून रोग बरा करणारा महाराज, असं काही कानावर आलं की हे दोघं गाडी काढून निघतात. तिथे जाऊन मंत्र नाही, क्रॉस नाही, काही नाही. टेबलाखाली वाकून बघायचं, आवाज कुठल्या भिंतीतून येतोय ते ऐकायचं, घरातल्या पोराबाळांशी बोलायचं. बाई म्हणतात, तिथे असायला नको अशी एखादी गोष्ट शोधा, तोच रेड लाइट. मग तीस वर्षं गायब असलेला सायमन सिल्व्हर (रॉबर्ट डी नीरो) परत येतो. आंधळा, अतींद्रिय शक्ती आहे म्हणणारा, सत्तरच्या दशकातला मोठा स्टार. बकलीला त्याला पकडायचंच असतं, आणि बाई मात्र त्याच्या वाटेला जायला तयार नसतात.

मला सर्वात आवडलेला प्रसंग पालादिनो नावाच्या महाराजाचा. खचाखच भरलेलं सभागृह, तो स्टेजवरून एकेकाचं नाव, पत्ता, आजार सांगतोय, लोक रडतायत. आणि आपले दोघं? रेडिओ स्कॅनर घेऊन बसलेत. कानात यंत्र आहे हे ओळखायचं, फ्रीक्वेन्सी शोधायची, बास. ही कोर्तेसच्या डोक्यातली कल्पना नाही. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाच्या धर्मोपदेशकाला असाच पकडला. सभेआधी लोकांकडून प्रार्थनेची कार्डं भरून घेतली जायची, पोपॉफची बायको ती कार्डं मागच्या बाजूला बसून वाचायची, आणि ३९.१७ मेगाहर्ट्झवर ते थेट नवऱ्याच्या कानात. रँडीच्या लोकांनी ते रेकॉर्ड केलं आणि जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये अख्ख्या देशाला ऐकवलं. पुढच्याच वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. आणि मग काही वर्षांनी पुन्हा टीव्हीवर आला. हे शेवटचं वाक्य सिनेमात नाही, असायला हवं होतं.

आता शेवट. बकली सिल्व्हरला भर स्टेजवर उघडा पाडतो. नाणं फेकतो, आंधळा सिल्व्हर ते झेलतो. इथे संपवायचा ना! पण नाही. सभागृह हादरतं, दिवे फुटतात, आणि कळतं की खरी शक्ती बकलीकडेच होती. म्हणजे दीड तास नारळ तपासायचा, आणि फोडल्यावर आतून खरंच देवी निघाली.

मला फसवल्यासारखं वाटलं. तुम्हाला?

---

चहाबिस्कीट

मला नाही वाटलं. उलट शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा बघा. बकलीसारखा हुशार मुलगा एवढं शिकून असल्या भंगार नोकरीत का राहतो, हे पहिल्या वेळी कळतच नाही. तो खोट्यांना पकडत नव्हता हो, तो आपल्यासारखा दुसरा कुणी सापडतोय का ते बघत होता. दर वेळी फ्रॉडच निघायचा आणि तो आणखी एकटा पडायचा. सिल्व्हरवर तो एवढा का भडकतो ते मग समजतं.

आणि मॅथेसनबाईंची त्याच्याशी जोडी लावून बघा. मुलगा किती वर्षं कोमात. मशीन बंद करत नाहीत, कारण पलीकडे काही आहे यावर त्यांचा विश्वासच नाही. श्रद्धाळू आई असती तर सोडून देऊ शकली असती. सिल्व्हरने त्यांना एकदा गाठलं ते याच मुलाच्या नावाने, आणि क्षणभर का होईना, त्या डगमगल्या. ही बाई नास्तिक आहे म्हणून सुखी आहे असं सिनेमा कुठेच म्हणत नाही, मला ते फार प्रामाणिक वाटलं.

---

निवांत_भाऊ

मला एवढंच कळलं की नवराबायकोत रेंज चांगली असली की चमत्कार होतो. आमच्याकडे कासारवडवलीला बायकोचा साधा फोन लागत नाही.

---

जादूचीपेटी

खाडीपलीकडचा, छान लिहिलंत. मी हौशी जादूगार, सोसायटीच्या गणपतीत पोरांना पत्ते दाखवणारा. त्यामुळे हा सिनेमा मी जरा वेगळ्या नजरेने बघितला.

आधी नावांची गंमत. पालादिनो हे नाव हवेतून आलेलं नाही. युसापिया पालादिनो (१८५४ ते १९१८) ही इटलीतली गाजलेली माध्यम, अंधारात टेबलं उचलायची, आणि पकडलीही गेली. सिनेमात विद्यापीठातला जो दुसरा शास्त्रज्ञ आहे, सिल्व्हरची चाचणी घेणारा, त्याचं आडनाव शॅकल्टन. बेसिल शॅकल्टन हा लंडनचा फोटोग्राफर. १९४१ पासून सॅम्युएल सोल याने त्याच्यावर पत्ते ओळखायचे प्रयोग केले, आणि पुढे अनेक वर्षं ते ‘अतींद्रिय शक्तीचा पक्का पुरावा’ म्हणून मिरवले गेले. १९७८ मध्ये बेटी मार्कविक या बाईंनी सोलचे आकडे तपासले, तर यादीत मध्येमध्ये जादा आकडे घुसवलेले, आणि ते नेमके बरोबर उत्तरांशी जुळणारे. म्हणजे फसवणारा माध्यम नव्हता, तपासणारा होता! कोर्तेसने अभ्यास केलाय एवढं नक्की.

आता मुद्दा. शास्त्रज्ञाला फसवणं सामान्य माणसाला फसवण्यापेक्षा सोपं असतं. हे मी आढ्यतेने म्हणत नाही, याचा प्रयोग झालाय. १९७९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाच लाख डॉलरच्या देणगीतून अतींद्रिय शक्तींची प्रयोगशाळा निघाली. रँडीने तिथे दोन पोरं पेरली, स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स, दोघंही हौशी जादूगार. चमचे वाकवायचे प्रयोग असायचे. प्रत्येक चमच्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर नंबर. पोरं काय करायची? दोन चमच्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करायची. शास्त्रज्ञ आधीचं माप आणि नंतरचं माप ताडून बघायचे: अरे, वाकला! चमचा वाकवायचीही गरज नाही.

आणि सर्वात भारी भाग हा, की ‘तुम्ही लबाडी करताय का’ असं कुणी सरळ विचारलं तर लगेच कबूल करायचं, असं पोरांना बजावून ठेवलं होतं. १९८३ मध्ये रँडीने स्वतः जाहीर करेपर्यंत कुणी विचारलंच नाही.

निसर्ग खोटं बोलत नाही, त्यामुळे शास्त्रज्ञाला खोटं बोलणाऱ्या वस्तूची सवयच नसते. टेबलाखाली आधी बघायचं हे आम्हाला कळतं, कारण आम्हीच तिथे लपवतो. हुडिनी या जादूगाराने १९२४ मध्ये बोस्टनच्या ‘मार्जरी’ या माध्यम बाईला तपासायला लाकडी पेटी बांधून घेतली ती याच अनुभवातून. तिला तपासणाऱ्या समितीतल्या काही विद्वानांना ती खरी वाटायला लागली होती.

---

रसायनी

मी ठाण्यातच शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या कार्यकर्त्यांबरोबर कळवा, मुंब्रा, शिळफाट्याकडच्या शाळांमध्ये चमत्कारांची प्रात्यक्षिकं करायला जात असे. वर नारळाचा उल्लेख आलाय म्हणून लिहिते.

नारळातून आग: शेंडीच्या काथ्यात सोडियम धातूचा हरभऱ्याएवढा तुकडा आधीच खोचलेला असतो. तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर हवेतल्या दमटपणानेच त्याची वाट लागते. पावसाळ्यात ठाण्यात तर विचारूच नका. भगत पळीभर ‘मंत्रवलेलं’ पाणी शिंपडतो, सोडियमची पाण्याशी प्रक्रिया होते, हायड्रोजन सुटतो, शेंडी पेट घेते. करणी जळाली. लिंबातून रक्त: सुरीला आधी रसायन लावून वाळवलेलं, लिंबाच्या आंबटपणाने रंग लाल. आपोआप पेटणारा होम: समिधांत पोटॅशियम परमँगनेटची पूड, आणि वरून तूप म्हणून ग्लिसरीन. ग्लिसरीन ओतल्यावर लगेच काही होत नाही, थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात मंत्र म्हणायला सवड मिळते. कुणीही घरी करून बघू नका, सोडियमने डोळा गेलेला परत येत नाही.

मुलं टाळ्या वाजवायची. पण आठवणीत राहिला तो शिळफाट्याकडचा सातवीतला एक मुलगा. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, ‘बाई, मग आमच्या भगताला सोडियम कुठून मिळतो?’ मी चाटच पडले. या प्रश्नाच्या शेपटीला धरून गेलं तर दुकान, पुरवठादार, शिकवणारा गुरू, सगळं बाहेर येतं. मॅथेसनबाईंना हा मुलगा सहायक म्हणून चालला असता.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतोय का कुणाला? गणपती दूध प्यायला तो दिवस. नौपाड्यात देवळाबाहेर रांग लागली होती, आणि त्या रांगेत आमच्या शाळेचे शिक्षकही होते. पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातं आणि दगडावरून पातळ थराने खाली उतरतं. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते दाखवलंही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी खडूच्या गणपतीला दूध पाजलं, मग बाकावरच्या डस्टरलाही पाजलं. डस्टरला पाजल्यावर वर्ग हसला.

---

निवांत_भाऊ

रसायनी ताई, डस्टरचा भक्त झालो.

---

सई_ऐरोली

सगळ्यांचं वाचतेय. मला नारळवाल्यांची भीती वाटत नाही, ते लवकर पकडले जातात. मला भीती नुसतं बोलणाऱ्यांची वाटते.

माझे काका गेल्यावर मावशी एका ‘दरबारा’ला जायला लागली. नवी मुंबईतलाच एक हॉल, नाव लिहीत नाही. एकदा तिच्याबरोबर मी गेले. बाहेर चपलांच्या स्टँडपाशी दोन-तीन सेवेकरी बायका, अगदी प्रेमळ. ‘कुठून आलात ताई? कुणासाठी?’ मग टेबलावर फॉर्म: नाव, मोबाइल, घरात कोण कोण, अडचण काय. तोपर्यंत आतले महाराज स्टेजवर आलेलेसुद्धा नव्हते. खाडीपलीकडचा म्हणतात ती प्रार्थनेची कार्डं, तीच ही.

पण मावशीच्या वेळी फॉर्मची गरजच पडली नाही. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. महाराज डोळे मिटून म्हणाले, ‘कुणीतरी पुरुष... र वरून... नाही, स... की म?’ ‘म’ म्हटल्याबरोबर मावशीच्या तोंडून ‘मधुकर’ निघालं. ‘हां, मधुकर. छातीत त्रास होता.’ या वयात गेलेल्या पुरुषाबद्दल छाती म्हटलं की बहुतेकदा लागतंच. ‘तुमच्याशी काही बोलायचं राहून गेलं.’ कुणाचं राहत नाही?

मानसशास्त्रात बर्ट्रम फोररचा १९४८ चा प्रयोग आहे. त्याने विद्यार्थ्यांना ‘फक्त तुमच्यासाठी’ म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. घरी आल्यावर मी मावशीला हे सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग ऐकवलं. र आणि स तिला आठवतच नव्हते. ऐकून झाल्यावर म्हणाली, ‘कळतंय गं मला. पण एवढ्या लोकांत त्यांचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं.’

यावर काय बोलणार? घरात आम्ही सगळ्यांनी काकांचं नाव घ्यायचं बंद केलं होतं, तिला त्रास होईल म्हणून. रविवारी मुद्दाम काकांच्या आवडीची सुक्या बोंबलाची चटणी केली आणि जेवताना त्यांचे किस्से काढले. मावशी दरबाराला नंतरही गेली, पण कमी.

म्हणून मला सिनेमात ते सभागृहातले रडणारे लोक खटकले. कॅमेरा त्यांच्यावरून नुसता सरकत जातो. पालादिनोला पकडल्यावर त्यांचं काय झालं, कोण त्यांना घरी घेऊन गेलं, कुणी विचारतच नाही.

---

चहाबिस्कीट

सई, हे फार आवडलं. +१

---

कोर्टाच्या_आवारातून

सईताई, तुमच्या मावशींच्या बाबतीत कायदा फारसा उपयोगी नाही, आणि ते समजून घ्यायला हवं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं दिली आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण, नरबळी, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, चमत्कार करतो असं दाखवून लोकांना फसवणं आणि लुबाडणं वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. वारी, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा यांना यातून स्पष्टपणे वगळलंय, आणि ज्योतिष, वास्तुशास्त्राचा सल्लाही वगळलाय. ‘र... स... म’ म्हणणाऱ्याला पकडायचं तर पैसे उकळल्याचं किंवा धाक घातल्याचं काहीतरी हातात लागतं.

ट्रान्स-हार्बरच्या डब्यात चिकटवलेली ‘मूठकरणी, सौतन, प्रेमविवाह, २४ घंटे में समाधान’ ही स्टिकरं मात्र वेगळी. तिथे रोग बरे करायचा दावा असेल तर १९५४ चा औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा लागतो. तुर्भ्याला चढून ऐरोलीपर्यंत वाचत जा, वाचून संपत नाहीत.

अजून एक. सिनेमात सिल्व्हरचा टीकाकार हार्ट अटॅकने मरतो, आणि ‘सिल्व्हरनेच मारलं का?’ यावर सगळा सस्पेन्स. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं मागे लागले होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले. टीकाकाराच्या मृत्यूत गूढ शोधायची चैन मला त्यामुळे परवडत नाही.

---

उपवनची_वटवाघूळ

विषय थोडा हलका करते. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत अमुक मजल्यावर रात्री ‘कुणीतरी वावरतं’ अशी अफवा होती. वॉचमन त्या मजल्यावर राउंड मारेना. तो म्हणे तिथे गेलं की छातीत धडधडतं. शेवटी एका काकांनी गच्चीवरचा एक्झॉस्ट पंखा बंद करायला लावला, तर सगळं शांत. काकांनी भूत वगैरे काही मानलं नाही, त्यांना फक्त त्या पंख्याने झोप येत नव्हती!

मग कळलं की इंग्लंडमध्ये विक टँडी नावाच्या इंजिनियरच्या बाबतीत असंच झालं होतं. प्रयोगशाळेत थंडी वाजायची, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसायची. नवीन बसवलेल्या पंख्याने साधारण १९ हर्ट्झची कंपनं तयार होत होती, कानाला ऐकू न येणारी. त्याने १९९८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आमच्या पंख्याचंही तेच होतं असं मी म्हणत नाही, कुणी मोजलं नाही. पण वॉचमन राउंड मारायला लागला. बिबट्याची भीती मात्र अजून आहे, ती खरी आहे.

---

खाडीपलीकडचा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद.

चहाबिस्कीट, बकलीच्या एकटेपणाबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं, काल त्या नजरेने मधले काही प्रसंग पुन्हा बघितले आणि मर्फीने खरंच तसा अभिनय केलाय. पण माझी तक्रार तशीच आहे. या प्रकारच्या सिनेमांना एक खोड असते, शेवटी संशयी माणसाला धडा शिकवायची. पोलीसपटात शेवटी चोर निर्दोष निघाला तर आपण दिग्दर्शकाला विचारतो ना, मग इतका वेळ पुरावे कशाला दाखवलेस? इथे विचारत नाही, उलट ‘काय ट्विस्ट आहे’ म्हणतो.

सईताईंचा आक्षेप माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि तो शेवटाबद्दलच्या माझ्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. पोपॉफ परत का येऊ शकला याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. त्याचं यंत्र जप्त करता आलं, ते कार्ड भरणाऱ्या माणसाची अडचण तशीच राहिली.

जादूचीपेटी, एक राहिलं. सिनेमात सिल्व्हरच्या चाचणीच्या व्हिडिओतली घड्याळांची भानगड नक्की कशी?

---

जादूचीपेटी

सिल्व्हर आणि चाचणीतला त्याचा साथीदार, दोघांच्या मनगटावर सारखी घड्याळं, सेकंदाला सेकंद जुळवलेली. दोघांना वेळ एकच कळत असेल तर खूण करायला हात हलवायलाही नको, बोलायलाही नको. कुठल्या सेकंदाला काय, एवढं आधी ठरलेलं असलं की झालं. जादूगारांच्या जोड्या असा मूक संकेत फार पूर्वीपासून वापरतात. अतींद्रिय शक्तीच्या चाचणीत वापरतात ते पाच चिन्हांचे झेनर पत्ते असतील, तर पाच सेकंदांच्या घरात सगळी चिन्हं बसतात.

सिल्व्हर आंधळा आहे असं जगाला सांगतो. मग आंधळ्याला काट्यांचं घड्याळ कशाला? शॅकल्टन सरांच्या अख्ख्या टीमला तो प्रश्न पडला नाही. शिळफाट्याच्या त्या सातवीतल्या पोराला पडला असता.